अँटिबायोटिक सुरू करणारे सगळेच, थांबवणार कोण?

प्रश्न असा आहे: "इंदूरमध्ये आमचं ९० खाटांचं खासगी हॉस्पिटल आहे, त्यात १२ खाटांचं आयसीयू. एनएबीएच या हॉस्पिटलांच्या दर्जा-मान्यतेसाठी अँटिबायोटिक पॉलिसी छापली, कमिटी केली, मीटिंगाही होतात. तरी मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकचा खप दर महिन्याला वाढतोच आहे आणि आता शेवटच्या फळीतलं कोलिस्टिनही नेहमीचं झालंय. सल्लागार डॉक्टर बाहेरून येतात, त्यांना सांगायचं कोणी? आमच्याकडे संसर्गरोगतज्ज्ञ नाही. सुरुवात कुठून करावी, आणि यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं का?"

तुमची पॉलिसी मी पाहिलेली नाही, पण तिच्यात काय असेल याचा अंदाज आहे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांमधून घेतलेले तक्ते, शेवटच्या पानावर कमिटीच्या सह्या, आणि ती पुस्तिका मेट्रनच्या कपाटात. एनएबीएचची टीम येते त्या दिवशी ती नर्सिंग स्टेशनवर दिसते. त्या तक्त्यांमध्ये चूक काही नसते. रात्री दोनला ते कोणी उघडून बघत नाही, एवढंच.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे आणि याच शहरातल्या लहान-मोठ्या हॉस्पिटलांची कल्चर (सॅम्पलमधले जंतू वाढवून केलेली तपासणी) वाचण्यात माझी उमर गेली आहे. माझं मत स्पष्ट सांगते. मेरोपेनेम सुरू करणारा डॉक्टर बहुतेक वेळा फारसा चुकलेला नसतो. झाबुआ, अलीराजपूर, खरगोनकडून रात्री पेशंट येतो. बीपी लागत नाही, लघवी बंद, शुद्ध हरपलेली. आधी तीन ठिकाणी कसली कसली इंजेक्शनं झालेली, चिठ्ठी एकाचीच, तीही वाचता न येणारी. अशा पेशंटला पहिल्या तासात मोठं औषध देणं हे वैद्यकशास्त्राला धरूनच आहे. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा, तासाभरात पहिला डोस गेला पाहिजे, असंच सर्व्हायव्हिंग सेप्सिस या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या सूचना म्हणतात.

गडबड होते ती तिसऱ्या दिवशी. ताप उतरलेला असतो, बीपी स्थिर असतं, कल्चरचा रिपोर्ट फाइलला लागलेला असतो, आणि केस पेपरवर आरएमओने (वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने) लिहिलेलं असतं 'सीएसटी', म्हणजे आधीचंच चालू ठेवा. चौथ्या दिवशी तेच, सातव्या दिवशीही तेच. सुरू करणं हे कोणाचं तरी काम होतं, थांबवणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही. आरएमओला वाटतं सरांनी लिहिलंय, मी कोण बंद करणार. सरांना वाटतं पेशंट बरा होतोय, कशाला हात लावा. सिस्टर चार्टप्रमाणे देणार, फार्मसी इंडेंटप्रमाणे पाठवणार. तेव्हा तुमचं सगळं बळ पहिल्या डोसवर खर्च करू नका. ते तिसऱ्या दिवशी लावा.

प्रत्यक्षात करायचं ते असं. अँटिबायोटिकच्या प्रत्येक ऑर्डरसोबत तीन गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत: कशासाठी, सॅम्पल गेलं का, आणि फेरविचार कोणत्या तारखेला. 'कशासाठी' लिहा हे केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानेही जानेवारी २०२४ मध्ये मेडिकल कॉलेजांना आणि डॉक्टरांच्या संघटनांना कळवलं होतं, त्यामुळे हे तुमच्या मनातलं खूळ नाही असं सल्लागारांना सांगता येईल. काही हॉस्पिटलांत ७२ तासांनंतर औषध आपोआप बंद होण्याची सोय करतात. ती मला पसंत नाही. रविवारी कोणी पाहिलं नाही आणि खरोखर गरज असलेल्या पेशंटचे दोन डोस चुकले, तर त्या एका प्रसंगाने सगळी योजना बदनाम होते आणि मग ती पुन्हा उभी राहत नाही. फेरविचार सक्तीचा ठेवा, बंद करणं नाही.

हा फेरविचार कोण करणार? संसर्गरोगतज्ज्ञ नाहीत म्हणून अडून बसू नका. असे तज्ज्ञ देशातच मोजके आहेत, आणि ९० खाटांच्या हॉस्पिटलाला पूर्णवेळ मिळणं कठीणच. तुमच्या लॅबचा मायक्रोबायोलॉजिस्ट (बाहेरच्या लॅबचा असला तरी चालेल), एक हुशार फार्मासिस्ट आणि इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर, एवढी माणसं पुरतात. फार्मसीने रोज सकाळी भारी अँटिबायोटिकांची यादी काढायची: मेरोपेनेम, इमिपेनेम, कोलिस्टिन, पॉलिमिक्सिन, टायजेसायक्लिन, लिनेझोलिड, टायकोप्लॅनिन, सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम कोणाकोणाला चालू आहे. तुमच्या आकाराच्या हॉस्पिटलात ती एका पानात मावेल. ती घेऊन खाटेपाशी जायचं, रिपोर्ट बघायचे आणि ज्या सल्लागाराशी बोलणं गरजेचं आहे त्याच्याशी त्याच दिवशी बोलायचं. रोज म्हणजे रोज. महिन्यातून एकदा भरणाऱ्या कमिटीने हे होत नाही. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येत राहिलं ते भिंतींवरच्या घोषणांमुळे नाही, सकाळी कचरागाडी दारात येते म्हणून. तुमची गाडी ती यादी आहे.

आता सल्लागारांना सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. आपल्याकडचा सल्लागार दिवसात तीन-चार हॉस्पिटलं करतो. गीता भवनहून विजयनगर, तिथून एबी रोड, आणि तुमच्याकडे रात्री साडेनऊला. त्याला मीटिंगला बोलावून स्लाइड दाखवल्या तर तो चहा पिऊन जाईल. फोन करा, किंवा तो राउंडला असताना शेजारी जाऊन उभे राहा. आणि 'हे औषध चुकीचं आहे' असं म्हणू नका. विचारा, "सर, आपण नक्की कशावर उपचार करतोय?" हा प्रश्न कोणालाही लागत नाही आणि निम्म्या वेळा समोरचा स्वतःच म्हणतो, बरं, उद्यापासून काढून टाका.

केस पेपरवर मात्र शेरे लिहू नका. 'अयोग्य अँटिबायोटिक' असं फाइलीत लाल पेनने लिहिणारी एक उत्साही फार्मासिस्ट मला आठवते. उद्या तीच फाइल ग्राहक न्यायालयात गेली तर काय, या एका विचाराने सगळे सर्जन तिच्यावर उलटले, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. बोलणं तोंडी ठेवा. निर्णय झाला की सल्लागार स्वतःच्या हाताने लिहील. आणि पहिल्या दिवशी सगळ्यांना वळवायला जाऊ नका. ज्याचं बाकीचे ऐकतात असा एक ज्येष्ठ सर्जन किंवा फिजिशियन आधी गाठा. तो तुमच्या बाजूने आला की अर्धं काम झालं.

हे सगळं ज्याच्यावर उभं राहतं ते म्हणजे सॅम्पल. रिपोर्टवर भरवसा नसेल तर कोणीही मोठं औषध सोडून लहान औषधावर यायला धजणार नाही, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून इथे थोडी रेंगाळते.

ब्लड कल्चर पहिल्या डोसच्या आधी, दोन वेगळ्या जागांवरून, मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. आपल्याकडे बहुतेक एकच बाटली येते आणि तिच्यात जेमतेम ३ मिली रक्त असतं. मोठ्यांच्या रक्तात जंतू फार विरळ असतात. रक्त कमी तर जंतू सापडण्याची शक्यताही कमी. एकाच बाटलीत कोअॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस हा एरवी त्वचेवर राहणारा जंतू निघाला तर तो त्वचेवरचा की रक्तातला, हे सांगता येत नाही, आणि मग 'असू दे कव्हर' म्हणून टायकोप्लॅनिन सुरू होतं. दुसरी बाटली घेतली असती तर ते वाचलं असतं. नातेवाईक दुसऱ्या बाटलीच्या पैशावरून कुरकुर करतात हे खरं. त्यांना एवढंच सांगा की ही तपासणी आज नीट झाली तर पुढचे दहा दिवस अंदाजाने औषध द्यावं लागणार नाही. लोक ऐकतात. बाहेरून अँटिबायोटिक घेऊन आलेल्या पेशंटचंही कल्चर पाठवाच, फक्त काय काय घेतलंय ते फॉर्मवर लिहा. नाव माहीत नसेल तर रिकाम्या पट्टीचा फोटो मागवा. गावाकडून व्हॉट्सअॅपवर तो दहा मिनिटांत येतो.

लघवीच्या पिशवीतून घेतलेलं सॅम्पल लॅबने परत पाठवावं. थुंकी म्हणून आलेली लाळ परत पाठवावी. सूक्ष्मदर्शकाखाली तोंडातल्या पेशींची गर्दी दिसली की ती फुप्फुसातून आलेली नाही हे कळतंच. जखमेच्या वरवर फिरवलेल्या स्वॅबमधून जखमेपेक्षा चादरीची माहिती जास्त मिळते. पू सिरिंजमध्ये द्या, नाहीतर कापलेला ऊतीचा तुकडा द्या. लॅबला सॅम्पल नाकारायचा अधिकार हॉस्पिटलने लेखी दिला पाहिजे. तो नसेल तर लॅबवाले भिडेखातर सगळं लावतात, सगळ्यांतून काहीतरी उगवतं, आणि प्रत्येक उगवलेल्या गोष्टीवर औषध सुरू होतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या नळीतून अॅसिनेटोबॅक्टर हा जंतू निघाला, पण ताप नाही, एक्स-रे आहे तसाच, ऑक्सिजनची गरज वाढलेली नाही, तर तो नळीत राहायला आलेला पाहुणा आहे. त्यावर कोलिस्टिन देऊन पेशंटची किडनी गमावू नका. तुमचं कोलिस्टिन 'नेहमीचं' झालं ते बहुधा याच दारातून आत आलं असेल. तसंच कॅथेटर असलेल्या आजीबाईंच्या लघवीत जंतू निघाले आणि तक्रार काही नाही, तर उपचार नको. अपवाद गरोदर बाईचा, आणि लघवीमार्गावर रक्त येण्याजोगी शस्त्रक्रिया व्हायची असेल त्याचा.

रिपोर्ट वाचण्यातला एक घोळ इतका पसरलेला आहे की वेगळा सांगते. यादीत ज्याच्यापुढे एमआयसीचा (जंतूची वाढ थांबवायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा) सर्वांत लहान आकडा, ते औषध सर्वांत चांगलं, असं समजून औषध निवडलं जातं. दर औषधाची मोजपट्टी वेगळी असते, एकाचा ०.२५ आणि दुसऱ्याचा ४ यांची तुलना होत नाही. 'सेन्सिटिव्ह' (त्या जंतूवर औषध चालतं) लिहिलंय ना, मग त्यातलं जे साधं, जे त्या अवयवात पोचतं आणि पेशंटला झेपतं, ते घ्या. यावर लॅबकडे एक गुपचूप उपाय आहे. साधं सेफ्ट्रायॅक्सोन चालत असेल तर त्या रिपोर्टवर मेरोपेनेम छापायचंच नाही. मागितलं तर फोनवर सांगायचं. कोणाशीही वाद न घालता मेरोपेनेम कमी होतं. माझ्या अनुभवात एवढ्या कमी कष्टात एवढा परिणाम दुसऱ्या कशाचा दिसलेला नाही. आणि कोलिस्टिन सेन्सिटिव्ह आहे असं कोणी डिस्क (औषधाची चकती) लावून सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. ते औषध अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीत) नीट पसरतच नाही. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रवात औषधाचं प्रमाण बदलत करायची चाचणी) लागतं. सीएलएसआय या लॅब-चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने तर २०२० पासून कोलिस्टिनसाठी 'सेन्सिटिव्ह' हा वर्गच ठेवलेला नाही.

वर्षाच्या शेवटी आपल्याच हॉस्पिटलाचा अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती टक्के चालतं याचा तक्ता, करा. नियम एवढाच की एका पेशंटचा पहिलाच जंतू मोजायचा, आणि त्या जंतूचे किमान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही. तुमच्याकडे एका वर्षात ३० भरणार नाहीत, तर दोन वर्षं एकत्र करा. आयसीयू मात्र वेगळं ठेवा, नाहीतर आयसीयूतल्या क्लेब्सिएला जंतूची भीती ओपीडीतल्या लघवीच्या त्रासावर जाऊन बसते. आयसीएमआरच्या रुग्णालयांच्या जाळ्यातले आकडे पाहिले तर इ. कोलाय या जंतूवर इमिपेनेम २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के नमुन्यांत चालत होतं, ते २०२३ मध्ये ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. गंभीर आहेच, पण हे मुख्यतः मोठ्या रुग्णालयांचे आकडे. ते जसेच्या तसे आपल्यावर लावून 'आता काहीच चालत नाही' म्हणत सगळ्यांना मेरोपेनेम देणं, हाही एक प्रकार मी भरपूर पाहिला आहे.

आता ऑपरेशन थिएटर. इथे औषध सर्वांत जास्त वाया जातं आणि इथेच सर्वांत लवकर यश मिळतं, म्हणून कमिटीने पहिलं काम हेच घ्यावं. हर्निया, पित्ताशय, सीझर, सांध्याचं ऑपरेशन, बहुतेकांना संसर्ग टाळायला सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम, चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत. पेशंट १२० किलोच्या वर असेल तर ३ ग्रॅम. ऑपरेशन चार तासांहून लांबलं तर पुन्हा एक डोस. झालं. त्यानंतर पाच दिवस सेफ्ट्रायॅक्सोन-सल्बॅक्टम आणि घरी जाताना सेफिक्झिमची पट्टी, याला आधार नाही. ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंधक अँटिबायोटिक लांबवू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच म्हटलं आहे. "ड्रेन आहे तोवर चालू ठेवतो" हे वाक्य तुम्ही ऐकालच. ड्रेनसाठीही, म्हणजे साचलेला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीसाठीही, लागत नाही.

सर्जन म्हणतील, "अमेरिकेचं थिएटर वेगळं, आपलं वेगळं." या बोलण्याची टिंगल करू नका. त्यांना टाके पिकण्याची भीती असते आणि पिकले तर तोंड त्यांनाच दाखवावं लागतं. त्यांना सांगा, तीन महिने फक्त तुमच्या हर्नियांवर करून बघू, प्रत्येक पेशंटला तिसाव्या दिवशी आमची सिस्टर फोन करेल, टाके पिकले की नाही ते लिहून ठेवेल, आणि तो आकडा आधी तुमच्याच हातात देईल. आकडा स्वतःचा असला की माणूस बदलतो. डोस वेळेवर जावा म्हणून ते इंजेक्शन वॉर्डात न देता थिएटरमध्ये भूलतज्ज्ञाच्या हाती द्या. वॉर्डात दिलं तर नंबर लागेपर्यंत दोन तास उलटलेले असतात.

छोट्या, ताबडतोब होणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. मेरोपेनेम किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या जोडीला मेट्रोनिडाझोल कशाला? पहिल्या दोन्हींपैकी कुठलंही एकटं अॅनेरोबिक, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या, जंतूंना पुरतं. यकृतात अमिबाचा गळू असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मेट्रोनिडाझोलच हवं आणि मेरोपेनेम उपयोगाचं नाही. लिनेझोलिड आणि लेव्होफ्लॉक्सासिन तोंडाने जवळपास पूर्ण शोषली जातात, पेशंट जेवायला लागला की बाटल्या कशाला टांगायच्या? पावसाळ्यानंतर डेंग्यू पक्का झालेल्या पेशंटला प्लेटलेट घसरतायत म्हणून सेफ्ट्रायॅक्सोन देण्याला काही अर्थ नाही. उलट त्याच दिवसांत निदान न लागणाऱ्या तापात स्क्रब टायफस (बारीक माइटच्या चाव्यातून होणारा ताप) आठवा. त्याला स्वस्त डॉक्सिसायक्लिन लागतं आणि मेरोपेनेमने तो बरा होत नाही. खोकल्याला उठसूट लेव्होफ्लॉक्सासिन देऊ नका. टीबी असेल तर पेशंटला चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि टीबीवरचं एक राखीव औषध बोथट होतं. लिनेझोलिडचंही तेच, औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या उपचारात ते मुख्य औषधांपैकी आहे.

किती दिवस द्यायचं याबद्दल जुन्या सवयी फार घट्ट आहेत. सात, दहा, चौदा हे आकडे सवयीने आलेले. साधा न्यूमोनिया सुधारत असेल तर पाच दिवस. पोटातला पू नीट काढून टाकलेला असेल तर त्यानंतर चार दिवस पुरतात, हे २०१५ च्या स्टॉप-इट चाचणीत दिसलं. रक्तातल्या संसर्गाला सात दिवस आणि चौदा दिवस यांची तुलना करणारी बॅलन्स नावाची मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सात दिवस कमी पडले नाहीत. तिच्यात स्टॅफिलोकोकस ऑरियसचे पेशंट घेतलेले नव्हते, आणि त्या जंतूशी खेळ करू नये. त्याला किमान चौदा दिवस, हृदयाच्या झडपेवर बसला असेल तर कित्येक आठवडे.

हेही तितक्याच जोराने सांगते की हात आखडता घेणं हा यामागचा हेतू नाही. रक्तात सेफ्ट्रायॅक्सोनला न जुमानणारा इ. कोलाय किंवा क्लेब्सिएला असेल आणि मेरोपेनेम चालत असेल, तर मेरोपेनेमच द्या. २०१८ च्या मेरिनो चाचणीत अशा पेशंटमध्ये पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम घेणाऱ्यांपैकी १२.३ टक्के तीस दिवसांत दगावले, मेरोपेनेम घेणाऱ्यांपैकी ३.७ टक्के. क्रिअॅटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलंय म्हणून पहिल्याच दिवशी डोस अर्धा करू नका. पहिले एक-दोन दिवस पूर्ण डोस आणि मग किडनीप्रमाणे फेरफार. कोलिस्टिन द्यायचंच ठरलं तर ९० लाख युनिटचा पहिला मोठा डोस चुकवू नका, तो चुकला तर रक्तातली पातळी गाठायला दोन-तीन दिवस जातात. आणि आपल्याकडे एनडीएम (मेरोपेनेमसारखी औषधं मोडणारं एन्झाइम) बनवणारे जंतू भरपूर आहेत. त्यांच्यावर सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम एकटं चालत नाही, अॅझट्रिओनाम जोडावं लागतं. एवढं महाग औषध जोडीदाराशिवाय देऊन वाया घालवलेलं पाहिलं की जीव तुटतो.

पैशाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते, कारण प्रश्न विचारणारे तुम्ही मालक आहात. हॉस्पिटलच्या फार्मसीत महागड्या इंजेक्शनवर मिळणारा फरक हा उत्पन्नाचा भाग आहे. मेरोपेनेम खरंच कमी झालं तर तो आकडा खाली येणार, हे तुम्हाला आधी मान्य आहे का, ते ठरवा. नसेल तर सल्लागारांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला आयुष्मानसारख्या ठरीव पॅकेजवर आलेल्या पेशंटला जादा दिलेलं प्रत्येक इंजेक्शन तुमच्याच खिशातून जातं. विम्याचं वेगळंच. इंजेक्शन बंद करून गोळीवर आणलं की 'मग ओपीडीत का नाही झालं' म्हणून क्लेम अडवतात, आणि त्या भीतीने बाटल्या लटकत राहतात. यावर उपाय फाइलीत आहे: पेशंटला दाखल का ठेवलंय, म्हणजे ऑक्सिजन, बीपी, तपासण्या, न खाता येणं, हे रोज स्पष्ट लिहा. दाखल असण्याचं कारण एकट्या इंजेक्शनवर टेकवू नका.

नातेवाईकांचंही ऐकावं लागतं. "डॉक्टर, हाय अँटिबायोटिक द्या, पैशाची काळजी नको" असं म्हणणारा भाचा प्रत्येक मराठी घरात एक असतो, बहुधा पुण्याहून फोनवर. त्याला राउंडच्या वेळी दोन वाक्यं सांगा: रिपोर्ट आलाय, जंतू कळलाय, त्याला नेमकं लागणारं औषध देतोय. इंजेक्शन 'काढलं' म्हणू नका, 'नेमकं औषध लावलं' म्हणा. शहरातल्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय काय काय मिळतं यावर तुमचा ताबा नाही. शेड्यूल एच-१, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवून विकायच्या औषधांची यादी, मार्च २०१४ पासून लागू आहे, मध्य प्रदेशाने जुलै २०१९ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध स्वतःचा कृती आराखडाही केला. अंमलबजावणीची गोष्ट वेगळी. तुमच्या स्वतःच्या फार्मसीत एच-१ चं रजिस्टर खरं भरलं जातं का, एवढं मात्र बघा.

मोजायचं काय? विकलेल्या व्हायल मोजू नका, त्यात उधारी, परत आलेला माल आणि मोठ्या डोसचे पेशंट मिसळतात. पेशंटला औषध मिळाल्याचे दिवस मोजा. समजा महिन्याभरात सरासरी ६० पेशंट दाखल होते, म्हणजे १,८०० पेशंट-दिवस. मेरोपेनेम मिळालेल्या पेशंटांचे दिवस मिळून १८० झाले, तर हजार पेशंट-दिवसांमागे १००. हा एक आकडा आयसीयू आणि वॉर्ड वेगवेगळा, दर महिन्याला. जागतिक आरोग्य संघटनेची अॅक्सेस (नेहमीची), वॉच (जपून वापरायची), रिझर्व्ह (राखीव) ही अँटिबायोटिकांची २०१७ ची वर्गवारी पॉलिसीत असेलच; २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलेलं ७० टक्के अॅक्सेसचं ध्येय मात्र जगभरातल्या एकूण वापराचं आहे. ते आयसीयूवर लावून कोणाला नापास करू नका.

हात धुणं, कॅथेटर वेळेत काढणं यावर मी लांबण लावत नाही, तुम्हाला माहीत आहे. एवढंच बघा की एकाच महिन्यात शेजारशेजारच्या खाटांवर औषधांना सारखाच प्रतिसाद देणारा क्लेब्सिएला निघतोय का. निघत असेल तर आधी सिंक, सक्शनच्या बाटल्या आणि हात. तो पसरत असताना मेरोपेनेम कमी करा म्हणून सल्लागारांच्या मागे लागणं त्यांच्यावर अन्याय होईल.

सॉफ्टवेअर सध्या घेऊ नका. विक्रेते डॅशबोर्ड छान दाखवतात, पण त्यात माहिती भरणारी सिस्टर तीच, जिच्याकडे आत्ताच दहा रजिस्टरं आहेत. पहिले सहा महिने कागदावरची सकाळची यादी, लॅबचा फोन आणि एक्सेलची एक शीट पुरेल. त्या पैशात लॅबला ब्लड कल्चरच्या बाटल्या भरपूर घेऊन द्या आणि फार्मासिस्टला सकाळचा एक तास काउंटरवरून मोकळा करा. सहा महिन्यांनी यादी रोज निघत असेल आणि हाताने काढायचा कंटाळा येऊ लागला असेल, तेव्हा सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. त्याच्याकडून काय हवं ते तोवर तुम्हाला नीट ठाऊक असेल.